दोन मामांचा एक एसी

चंद्रपुरात मे महिन्यात बर्फ पडला. आमच्या घरात, मागच्या खोलीत, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. खोटं वाटत असेल तर माझ्या आईला विचारा, तो तिच्याच पाठीवर पडला.

मी स्टुलावर चढून मोबाइलच्या उजेडात एसीच्या पोटात डोकावत होते. आई खाली वाकून परातीत साचलेलं पाणी बादलीत ओतत होती. तेवढ्यात आत कुठंतरी 'कट्' झालं आणि तळहाताएवढा पांढरा तुकडा माझ्या नाकासमोरून सुटून थेट आईच्या मानेखाली.

"अगं माय!" आई ताठ झाली. "काय पडलं?"

"बर्फ."

"बर्फ पडला ते मले समजलं न! काऊन पडला ते सांग."

ते मला सांगता येत नव्हतं. मी तेव्हा नुकतीच नववी संपवून दहावीत गेले होते. आज बारावीत मला गप्प करायला दोन शिक्षक लागतात, पण त्या उन्हाळ्यापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायचे, की मॅडमना माझं नाव दोनदा पुकारावं लागे. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात. मोहिनीताईच्या लग्नात तर तीन दिवसांत माझ्या तोंडून एक वाक्य पूर्ण बाहेर पडलं नव्हतं.

आणि बर्फाची गंमत वाटावी अशी वेळही नव्हती. ताई पुण्याला, सातवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईनं ताईच्या लग्नाआधीच ठरवून टाकलेलं. पण ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "चंद्रपूरला? मे महिन्यात? तिथे माणसं भाजतात हो." यात खोटं काही नव्हतं. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसमध्ये झुलत होता आणि आमच्या कूलरची हवा म्हणजे भट्टीवर ओला पंचा टाकल्यासारखी. शेवटी सासूबाईंनी अट घातली. खोलीत एसी बसवा. रविवारी अकरा वाजता मला फोनवर खोली आणि भिंतीवरचं थर्मामीटर दाखवा. थंड असेल तर मंगळवारच्या गाडीत हिला बसवते. मंगळवार चुकला की आठवा लागणार, आणि आठव्यात प्रवास ना त्यांच्याकडे चालत, ना आमच्याकडे.

बर्फ पडला तो गुरुवार.

"गजूभाऊ मेकॅनिकले फोन लाव," आई म्हणाली आणि लगेच थांबली. "नाही, थांब. मोठा मामा येऊन जाऊ दे आधी."

इथं मामांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मला दोन मामा. मोठे मामा म्हणजे वासुदेवमामा, गोल बाजारात त्यांचं पंखे-मिक्सरचं दुकान. लहाने मामा म्हणजे पुरुषोत्तममामा, घरं बांधायचे ठेके घेतात. ताईच्या लग्नापासून दोघांचं बोलणं बंद. भटजींनी माइकवर पुकारलं होतं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं." लहाने मामा त्या वेळी सरबतासाठी बर्फाच्या लाद्या आणायला गेलेले. मोठ्या मामांनी ताईचा हात धरला आणि चालू लागले. लहाने मामा लाद्या घेऊन परतले तेव्हा अक्षता पडत होत्या.

"दोन मिनिटं थांबता आलं नसतं?"

"मुहूर्त थांबते का तुह्यासाठी?"

झालं. दोन वर्षं तोंड फिरवलं ते फिरवलंच. चुकून समोरासमोर गाठ पडायला नको म्हणून दोघांनी आमच्या घरी येणंही सोडलं.

आणि मग एसीची बातमी दोघांच्या कानांवर गेली. मोठ्या मामांचा फोन आला, "भाचीच्या बाळंतपणाचा एसी मी देतो." पंधरा मिनिटांनी लहान्या मामांचा, "बाई, एसी मी देणार. त्याले सांगून दे." आईची मोठी पंचाईत झाली. तिनं रात्रभर डोकं लढवलं. आमच्याकडे आहेर वाटून घ्यायची पद्धतच आहे. एका मामाची साडी, दुसऱ्याची जोडवी. एकाचा पाळणा, तर दुसऱ्याची गादी आणि दोरी. आईनं मोठ्या मामांना सांगितलं, आतलं मशीन तू दे. लहान्या मामांना सांगितलं, बाहेरचं तू दे. दोघांचाही मान राहिला. एसी म्हणजे पाळणा नव्हे, हे आम्हा कुणाला सुचलंच नाही.

गुरुवारी बरोबर आठला मोठे मामा आले. रोजच्यासारखे पलंगावर, त्यांच्या मशीनच्या खाली जाऊन बसले आणि वर तोंड करून डोळे मिटले.

"पाह्य समे, काय हवा येऊन राहिली! माह्या मशीनले नाव ठेवायले जागा नाही."

"मामा, पहाटे बर्फ..." मी पुटपुटले.

"काय?"

"बर्फ पडला."

"मग? बर्फ पडते म्हणजे माहं मशीन थंड करते, हे सिद्ध झालं न? गळते ते बाहेरच्यापायी. ज्यानं बाहेरचं दिलं त्याले विचार."

संध्याकाळी लहान्या मामांची स्कूटर आली. ते घरात न येता थेट गच्चीवर गेले आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं बाहेरचं मशीन पुसू लागले, बैल धुवावा तसं.

"आवाज ऐक पोरी. वाघ हाय वाघ! बर्फ कुठं पडला म्हणते? आत न? मग आतलं कोणाचं हाय, त्याच्या घरी जाऊन विचार."

सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन वर्षं ज्यांनी उंबरा ओलांडला नाही, ते आता रोज येत होते, आपापला अर्धा एसी तपासायला. आई दोघांच्याही चहात वेलची घालायची. बाबांच्या चहात ती दिवाळीतच पडते.

मधल्या वेळात गजूभाऊ मेकॅनिक येऊन गेले. आठवड्यात तिसऱ्यांदा त्यांनी मीटर लावून पाहिला, तिसऱ्यांदा "गॅस कमी हाय" म्हणाले आणि तिसऱ्यांदा थोडा गॅस भरला. मी शिडी धरून उभी होते. एरवी मी तोंड उघडलं नसतं, पण परातीचं पाणी रात्रीतून चारदा फेकून माझंही डोकं तापलेलं.

"गजूभाऊ, गॅस गळतो कुठून?"

"गळत नाही."

"मग कमी कसा होतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गच्चीवरच्या पाइपला एके जागी काळी टेप गुंडाळून गुंडाळून लिंबाएवढी गाठ झाली होती. तिच्यावर अंगठा दाबत ते म्हणाले, "ही टेप सोडू नको हं बेटा." आणि भराभर सामान भरून निघाले.

आमच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणायच्या, अंदाज नंतर करा, आधी मोजा. मी वही काढली.

शुक्रवारी सकाळी सहाला एसी लावला. चाळीस मिनिटांत पाइप पांढरा. बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, बर्फ वितळला. जाळी काढून धुतली, पुन्हा लावला. काही फरक नाही. हवेचा वेग सगळ्यात वर नेला. बर्फ जरा उशिरा आला, पण आला. मग दुपारी दोनला लावला, बाहेर कावळासुद्धा उडत नव्हता तेव्हा. बर्फ यायला पावणेदोन तास लागले!

मी त्या दोन आकड्यांकडे कितीतरी वेळ पाहत बसले. गारव्यात बर्फ लवकर, उन्हात उशिरा. खोली जितकी तापलेली, तितकं मशीन सुखी. म्हणजे त्याला ओढायला उष्णता कमी पडत होती. उष्णता कमी पडत होती! चंद्रपुरात! मे महिन्यात!

शनिवारी सकाळी मी गच्चीवर गेले आणि ती टेप सोडली.

आत दोन नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या होत्या. बाहेरच्या मशीनची अंगठ्याएवढी जाड, आत जाणारी करंगळीएवढी बारीक. मी बाहेरच्या मशीनच्या मागची पत्र्याची पाटी पुसून वाचली. दोन टन. धावत खाली येऊन स्टुलावर चढले, आतल्या मशीनच्या कुशीवरचा कागद वाचला. एक टन.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक विहीर आहे. झरा बारीक, पण पाणी गोड. एका वर्षी लोकांनी तिच्यावर पाच एचपीची मोटार बसवली. दहा मिनिटांत विहीर कोरडी आणि मोटार नुसतीच फुर्रफुर्र. मोटारही चांगली होती, विहीरही चांगली होती. आमच्या एसीचं तेच झालं होतं. आतलं मशीन खोलीतली जेवढी उष्णता देऊ शकत होतं, त्याच्या दुप्पट बाहेरचं ओढत होतं. मग आतली नळी गोठायची, बर्फानं हवेची वाट बंद व्हायची, आणि पुढं परात.

मी गजूभाऊंना फोन लावला. माझा मोठ्या माणसाला आपणहून केलेला हा पहिला फोन.

"गजूभाऊ, मी टेप सोडली."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, त्यांनी गाडी कडेला घेतली. मग ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं तुह्या आईले. म्हटलं, ताई, हे लग्न जमत नाही. दोन्ही साधी मशीनं म्हणून सुरू तरी झाली. ताई म्हणे, चालवून घ्या. आता दोघंही मामा मले काम देतात बेटा. मी कोणाचं वाईट म्हणू?"

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी दारात उभी राहिले.

"तुला माहीत होतं?"

आईनं वर पाहिलं, माझ्या हातातली टेप पाहिली, पुन्हा कणकेत हात घातला.

"कोणाचं परत करू?" ती म्हणाली. "वासूभाऊचं का पुरूचं? सांग तूच. तू हुशार हायस न."

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"एकाचं परत केलं का तो जन्मभर या घरात पाय ठेवणार नाही. आता बिघडलं हाय म्हणून तरी येऊन राहिले दोघं. चाललं असतं बरोबर, तर मशीन टाकून गेले असते न् पुन्हा दिवाळीलाही दिसले नसते."

"आणि ताई?"

आई कणीक मळतच राहिली. झालेली कणीक पुन्हा पुन्हा मळत राहिली. "मले वाटलं गॅसनं भागेल," ती हळूच म्हणाली. मग मनगटानं नाक पुसून म्हणाली, "जा, चार कांदे आण."

कांदे मागच्या खोलीत, पलंगाखाली, एसीच्याच खोक्यांत भरलेले असत. एका खोक्यात कांदे, दुसऱ्यात लसूण आणि चिंच. मी कांद्यांचं खोकं पुढं ओढलं. बाजूला छापलं होतं, १/२. लसणाचं ओढलं. त्यावर छापलं होतं, २/२.

पण ही दोन वेगळ्या कंपन्यांची खोकी होती.

मी कांदे घेऊन तिथंच फरशीवर बसले. आई दोनदा ओरडली तरी उठले नाही. मग उठले आणि आणखी दोन फोन लावले. दोघांनाही एकच सांगितलं, "उद्या दहाला या. एसीचा निकाल लागणार आहे." दोघांनीही एकच विचारलं, "तो येऊन राहिला का?" दोघांनाही मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या मशीनसाठी या."

रविवारी दहाला दोघं आले. मोठे मामा आधी. मागून लहाने मामा खोलीच्या दाराशी आले, आत पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं. पण मी दारात उभी होते. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला, पण त्या दिवशी सुट्टी होती. दाराबाहेर दोघांच्या चपला पाहून ते म्हणाले, "मी खाणीत जाऊन बसतो. तिथं धोका कमी हाय." आणि खरंच बाहेर निघून गेले.

मोठे मामा पलंगावर, नजर खिडकीकडे. लहाने मामा खुर्चीवर, नजर कॅलेंडरकडे. आई दाराला टेकून, पदराचं टोक पिळत. एसी सकाळपासून चालू होता आणि परातीत टप टप सुरू होतं. भिंतीवरचं थर्मामीटर एकतीस दाखवत होतं.

 मी वही छातीशी धरली.

"मोठे मामा, तुम्ही गच्चीवर जा. बाहेरच्या मशीनच्या पाटीवर किती टन लिहिलं ते वाचून या. लहाने मामा, तुम्ही स्टुलावर चढा. आतल्या मशीनचं वाचा."

"मी? त्याचं मशीन पाहू?" दोघं एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणून दोघांनाही राग आला.

"समे, हे काय नाटक?" आई म्हणाली.

"पाच मिनिटं, आई."

गेले. मोठे मामा गच्चीवरून घाम पुसत आले. "सांग त्याले. दोन टन."

लहाने मामा स्टुलावरून उतरले. "सांग त्याले. एक टन."

 मग दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उजेड पडला, पण वेगवेगळा.

"म्हणजे माहं मशीन लहान, असंच म्हणायचं हाय न तुले?" मोठे मामा उसळले.

"म्हणजे मी फाजील दिलं? देणाऱ्यानं मोठं मन करून दिलं तर त्याचंच चुकलं? मंडपातही माहंच चुकलं होतं!"

"मंडपाचं नाव काढू नको, सांग त्याले!"

"काढीन! सांग त्याले, शंभरदा काढीन!"

"मामा!"

हा आवाज माझा होता. खिडकीची काच हलली असं आई अजून सांगते.

"दोन्ही मशीनं चांगली आहेत. एकमेकांची नाहीत, एवढंच."

मी पलंगाखालून खोकी ओढली. कांदे-लसूण रात्रीच काढून ठेवले होते. पहिलं खोकं मोठ्या मामांच्या पुढ्यात ठेवलं. "यावर लिहिलंय १/२. दोन खोक्यांपैकी पहिलं. मामा, दुसरं कुठे आहे?"

"कंपनी लिहिते तसं काहीबाही," मोठे मामा खिडकीकडे पाहत म्हणाले.

"दुकानात अर्धा एसी मिळतो?"

मोठ्या मामांनी खोकं पायानं मागं सरकवलं. लहाने मामा खुर्चीत मागं रेलून खो खो हसले. "धरलं! पोरीनं बरोबर धरलं!"

मी दुसरं खोकं त्यांच्या पायाशी सरकवलं. "आणि तुमच्या खोक्यावर २/२ आहे, मामा. पहिलं कुठे आहे?"

हसू जिथल्या तिथं थिजलं.

 शेवटी मोठे मामा पायाच्या अंगठ्याकडे पाहत बोलले, "गोडाऊनात हाय. पूर्णच घ्यावा लागला. अर्धा कोण देते? म्हटलं, त्याचं बाहेरचं बंद पडलं का माहं आणून लावीन. सगळ्यांसमोर लावीन."

लहान्या मामांनी दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्या भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"माह्या साइटवर हाय," ते म्हणाले. "सिमेंटच्या पोत्यांमागं. मीही... तेच."

आईनं पदर तोंडात कोंबला. ती रडते आहे असं वाटून मी पुढं झाले, तर तिच्या हसण्याचा बांध फुटला. दाराची चौकट धरून ती हसत होती. "दोन एसी! दोन अख्खे एसी घेतले रे मेल्यांनो, अन् मी इथं रात्र रात्र परात घेऊन बसली!"

तेवढ्यात फोन वाजला. अकरा. पुणे.

आईचं हसू उडालं. "उचलू नको समे. एकतीस हाय. एकतीस दाखवू नको."

मी उचलला. ताईच्या सासूबाईंचा चेहरा पडदाभर आला. मागं कोपऱ्यात ताई, ओढणीचं टोक चावत.

"नमस्कार काकू. आज खोली थंड नाही." मी फोन फिरवून थर्मामीटर दाखवलं, परात दाखवली, दोन खोकी दाखवली आणि दोन मामाही दाखवले. "आमच्या एसीचे दोन भाग दोन वेगळ्या एसींचे होते. आज बदलतोय. उद्या संध्याकाळी सहाला फोन करा, मी पुन्हा दाखवते. तेव्हाही थंड नसेल तर ताईला पाठवू नका."

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ आणला.

"कोण बोलतंय हे?"

"समीक्षा. मोहिनीताईची बहीण."

"अगं बाई! तू बोलतेस? लग्नात मी मोहिनीला विचारलंसुद्धा होतं, की तुझ्या बहिणीला काही..."

"बोलते काकू. हल्लीच सुरू केलंय."

मागं ताई फिस्सकन हसली. सासूबाईंनी डोळे बारीक करून परातीकडे पाहिलं. "ते पांढरं काय आहे?"

"बर्फ."

"चंद्रपूरला?"

"हो. तुमच्या पुण्यात नसेल पडत."

"उद्या सहा," सासूबाई म्हणाल्या. "एक मिनिट उशीर चालणार नाही." पण त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला होता, तो मी पाहिला.

फोन ठेवला तर दोघंही मामा माझ्याकडे पाहत होते. लहाने मामा म्हणाले, "मग आता खोलीत कोणाचा लागणार?" आणि मोठ्या मामांची मान ताठ झाली. पुन्हा तेच!

"खोली लहान आहे. एक टन पुरतो. मोठ्या मामांचा," मी म्हणाले आणि लहान्या मामांचं तोंड उतरायच्या आत पुढं म्हणाले, "बारसं आपल्या पुढच्या हॉलमध्ये. साठ-सत्तर माणसं. तिथं एक टन काय करणार? दोन टनच हवा."

"पाळणा हॉलमध्येच टांगणार न?" लहान्या मामांनी खात्री करून घेतली.

"हॉलमध्येच."

"मग जमते."

गजूभाऊ हातगाडीवर मोठ्या मामांच्या गोडाऊनातलं दुसरं खोकं घेऊन आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. आमचा गच्चीचा जिना इतका अरुंद, की दोन माणसं एकमेकांना वाट देऊन जाऊ शकत नाहीत. गजूभाऊंच्या खांद्यावर पाइपाची गुंडाळी आणि दोन्ही हातांत हत्यारं. मशीन कोण उचलणार? मोठ्या मामांनी वरचं टोक धरलं. काही क्षण थांबून लहान्या मामांनी खालचं धरलं. मी पुढं, दार उघडायला.

"पायरी हाय. पाहून," मोठे मामा म्हणाले.

मी मागं वळले. मला वाटलं, नेहमीसारखं मलाच सांगताहेत, त्याले सांग म्हणून. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

"तू पाह्य. तुही कंबर हाय," खालून आवाज आला.

वळणावर मशीन भिंतीला अडकलं. मोठे मामा जोर लावून वर ओढायला लागले.

"दोन मिनिटं थांब न!" लहाने मामा ओरडले. त्यांची बोटं कठड्याशी चेपत होती.

मोठे मामा थांबले. मशीन छातीशी धरून, घामानं निथळत, जिन्याच्या मधोमध थांबले. लहान्या मामांनी हात सोडवला, दुपट्टा बोटांना गुंडाळला आणि पकड बदलली.

"झालं?" मोठ्या मामांनी विचारलं.

"झालं. चाल."

सोमवारी सहाला मी फोन भिंतीला लावला. चोवीस. पाइपाला बर्फ नव्हता, नुसते घामाचे थेंब आले होते, जसे यायला हवेत तसे. गजूभाऊंनी लाजतच सांगितलं होतं, "हा घाम चांगला असते बेटा." सासूबाईंनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "डबा देऊ का हिच्याबरोबर, की तुमच्याकडे बर्फच खायला घालणार?"

ताई बुधवारी चंद्रपूरजवळच्या बल्लारशाला उतरली. एका हाताला मोठे मामा, दुसऱ्या हाताला लहाने मामा, आणि मधे पोट सांभाळत ती. मी मागून दोन बॅगा ओढत होते आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात हमालाशी घासाघीस करत होते. ताईनं वळून पाहिलं. "ही आपलीच समी का?"

गुरुवारी पहाटे पाचला मला आपोआप जाग आली. सवयीनं स्टूल ओढलं, वर चढले, टॉर्च मारला. थेंब. फक्त थेंब.

"उतर न खाली," ताई चादरीतून म्हणाली. "मला झोपू दे. थंडी वाजतेय."

आठ वाजायला आले. आईनं चहाचं आधण ठेवलं आणि भांड्यात पाणी घालताना तिचा हात थांबला. एकदा दाराकडे पाहिलं. "आता काय काम हाय त्यांचं इथं," असं म्हणत तिनं तीनच कप पाणी मोजलं. वेलचीचा डबा काढला, तसाच परत ठेवला.

आठ वाजून दोन मिनिटांनी फाटक वाजलं. मोठे मामा. त्यांच्या मागे, संध्याकाळची वेळ सोडून, लहाने मामा, हातात ताईसाठी कैऱ्यांची पिशवी. दोघं सरळ मागच्या खोलीत गेले, ताईच्या उशाला एक आणि पायथ्याला एक असे बसले आणि बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून भांडायला लागले. थेट एकमेकांशी.

आईनं भांड्यात आणखी दोन कप पाणी ओतलं आणि वेलचीचा डबा पुन्हा काढला.

मी चहा घेऊन गेले. एसी डोक्यावर मंद गुरगुरत होता. दोघांपैकी एकानंही वर पाहिलं नाही.